एकविसावी खाच

तेओडोरा बुमाताय यांनी मांडीवरची लाकडी पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, "यातली एक स्लाइड कुणीतरी चोरली आहे."

आवाजात राग नव्हता, घाईही नव्हती. पोस्टात पत्ता सांगावा तसा तो सूर होता.

खासगी तपासाची कामं घेणाऱ्या फेलिसा दुमलाओने पेटीकडे पाहिलं. मग त्या बाईंकडे. वय अडुसष्ट-सत्तर. काळा स्वेटर, केस नीट विंचरलेले, हात स्थिर. खिडकीबाहेर डोंगरावरच्या बागियो शहराचं धुकं समोरच्या पावाच्या दुकानापर्यंत आलं होतं.

"बसा, मानांग," फेलिसा म्हणाली. मोठ्या बहिणीला हाक मारावी तशी तिकडे प्रत्येक वयस्क बाईला मारतात; मोठ्या पुरुषाला मानोंग, धाकट्या बहिणीला आदिंग. "हे माझे मावसभाऊ, ओगिंग. गाडी चालवतात आणि सगळं ऐकतात."

"ऐकतो. कळतंच असं नाही," ओगिंग म्हणाला.

तेओडोरा हसल्या नाहीत. पेटीचं झाकण त्यांनी उघडलं. आत छत्तीस खाचा होत्या. पहिल्या बावीस खाचांमध्ये पुठ्ठ्याच्या चौकटीतल्या स्लाइड उभ्या होत्या. मध्ये एक जागा रिकामी होती. एकविसावी.

"माझे यजमान आमादो ऑक्टोबरात गेले," त्या म्हणाल्या. "सर्व्हेयर होते. चाळीस वर्षं फोटो काढले. सत्तेचाळीस पेट्या. मी त्या घरीच संगणकात उतरवून घेते आहे. खाली उजेडाची पाटी, वर दांड्याला कॅमेरा. स्लाइडवरची धूळ रबरी फुंकणीने उडवायची, पाटीवर ठेवायची, बटण दाबायचं, काढायची. दिवसाला बारा-पंधरा होतात."

"बरं वाटत असेल, जुने फोटो बघून," ओगिंग म्हणाला.

"मी बघत नाही. फक्त करते."

ओगिंगने खाली पाहिलं.

"ही शेवटची पेटी," तेओडोरा पुढे म्हणाल्या. "परवा शनिवारी दुपारी केली. बावीस स्लाइड, वहीत बावीस खुणा केल्या. संध्याकाळी झाकण लावताना ही खाच रिकामी दिसली. त्या दुपारी घरात तिघं येऊन-जाऊन होती. माझी बहीण रोसेंदा, ती माझ्याकडेच राहते. मुलगी मारिविक, पान्सितच्या शेवया घेऊन आली होती. आणि सेवेरिनो ताबोन. त्यांचा फोटो स्टुडिओ होता. कॅमेरा आणि पाटी त्यांचीच."

"या पेटीत काय होतं?"

तेओडोरांनी पेटीचं झाकण लावलं.

"मे एक्क्याऐंशी. नदीवरची सहल. माझा मुलगा एल्मो त्या दिवशी बुडाला. साडेतीन वर्षांचा होता. जेवणानंतर मी त्याला घेऊन चटईवर पडले. मला झोप लागली. तो उठून पाण्याकडे गेला. आमादो वर रस्त्यावर डोंगराचे फोटो काढत होते. रोसेंदा वरच्या अंगाला ताटल्या धूत होती. माणसं ओरडायला लागली तेव्हा मी जागी झाले. कुणीतरी विचारलं, पोर कुणाजवळ होतं. मी म्हटलं, माझ्याजवळ."



"सापडला तेव्हा सँडल पायात होत्या," त्या म्हणाल्या. "बकलच्या. त्याला बकल लावता यायचं नाही. म्हणजे मी सँडल न काढताच त्याला झोपवलं असणार. एवढंही केलं नाही मी."

फेलिसाने विचारलं, "ती स्लाइड परत हवी आहे, की चोर हवा आहे?"

"मला काहीच हवंसं वाटत नाही, मिस दुमलाओ. ऑक्टोबरापासून असंच आहे. पण कुणालातरी ती इतकी हवी होती. का, ते कळलं पाहिजे."

*

तेओडोरांचं घर पाइनच्या उतारावर होतं. आमादोंच्या खोलीत एक उंच कपाट, आत एक बल्ब सतत जळता. दमट हवेत फिल्मला बुरशी लागू नये म्हणून ही तजवीज. सेहेचाळीस पेट्या त्या कपाटात होत्या.

"आणि सत्तेचाळिसावी?" फेलिसाने विचारलं.

"लिहायच्या टेबलाच्या खालच्या खणात. यादीत नाव होतं, कपाटात नव्हती. शुक्रवारी शोधली तेव्हा सापडली. तिलाच तेवढी बुरशी आहे."

फेलिसाने आधी पेटी खिडकीशी नेली. खिशातलं भिंग काढून एकेक खाच पाहिली. तेविसाव्या खाचेपासून पुढच्या खाचा कायमच्या रिकाम्या होत्या. त्यांच्या तळाला मऊ करडी धूळ बसली होती. एकविसाव्या खाचेचा तळ स्वच्छ होता.

मग तिने संगणकावर फोटो उघडले. कॅमेरा प्रत्येक फोटोला आपोआप क्रमांक देत होता. शनिवारचे फोटो १४०८ पासून १४२८ पर्यंत, मध्ये एकही आकडा गळलेला नाही. त्याआधी गुरुवारचे तीन होते.

"हे कसले?"

"पाटीचा दिवा बुधवारी गेला. गुरुवारी सेवेरिनो नवीन घेऊन आले. त्यांनी तपासून बघितलं. मी कॉफी करायला आत होते."

त्या तीन फोटोंतले पहिले दोन नुसते पांढरे होते. तिसऱ्यात काहीतरी अंधुक होतं, फोकस नीट जुळलेला नव्हता. डाव्या कोपऱ्यात मात्र तीन फाट्यांची, कोंबडीच्या पायासारखी एक खूण स्पष्ट उठली होती.

फेलिसा पुढे गेली. अठरावी स्लाइड: नदीकाठी दोघी बहिणी. तेओडोरांच्या डोक्याला रुमाल, एकोणीस वर्षांच्या रोसेंदाच्या डोक्यावर रुंद कडांची गवती टोपी. विसावी: चटईवर तेओडोरा झोपलेल्या, कुशीत एल्मो, उघडे पाय पोटाशी घेतलेले. चटईच्या कडेला छोट्या सँडल ओळीने ठेवलेल्या. चित्राच्या डाव्या कोपऱ्यात बुरशी.

मग बावीस. ती चुकून निघालेली दिसत होती. सगळं तिरकं. दगडगोटे, चटईचा कोपरा, मोठ्या माणसाची पावलं. चटईची कड रिकामी. आणि गोट्यांवर फोटो काढणाऱ्याची आडवी पडलेली सावली.

फेलिसाने ती बराच वेळ पाहिली.

"तुम्ही ही बघितली आहे, मानांग?"

"पाटीवर ठेवली असणार," तेओडोरा म्हणाल्या. "बघितली नाही."

*

रोसेंदा स्वयंपाकघरात होती. साठीची, वाकलेली, जाड चष्मा. तिने पाहुण्यांसाठी कॉफी ओतली ती अर्धी बशीत गेली.

"मोतीबिंदू," ती म्हणाली. "दोन्ही डोळे. जूनमध्ये ऑपरेशन आहे म्हणतात. गेल्या जूनमध्येही म्हणत होते."

"शनिवारी त्या खोलीत गेला होतात?"

"मानांगला जेवायला बोलवायला. दारातूनच."

"मानोंग आमादोंचा कॅमेरा तुम्ही कधी वापरलात?"

"मी?" रोसेंदाने फडक्याने बशी पुसली. पुसलेलीच पुन्हा पुसली. "त्यांच्या कॅमेऱ्याला हात लावायची कुणाची टाप होती? गळ्यातून काढायचे नाहीत. माझ्या आयुष्यात मी एक फोटो काढलेला नाही."

"त्या दिवशी तुम्ही ताटल्या धूत होतात."

"हो."

"सगळा वेळ?"

"पाच जणांच्या ताटल्या होत्या का, तीन जणांच्या?" रोसेंदा म्हणाली. "एवढं आता कुणाला आठवतं."

मारिविक शाळेतून थेट आली होती. एकोणचाळीस वर्षांची, गणिताची शिक्षिका. ओट्याला टेकून उभ्या उभ्याच बोलली.

"मी एल्मो गेल्यावर दोन वर्षांनी जन्मले. आमच्या घरात त्याचा फोटो नाही. पहिलीत असताना मावशीने सांगितलं, तुला भाऊ होता, तुझ्या आईला झोप लागली. बस्स. इनांगला, आईला, मी सांगत होते की हे स्लाइडचं काम बंद कर. चार महिने त्या पाटीपुढे बसून आहे. रडत नाही, बोलत नाही."

"मग तुम्ही काढलीत स्लाइड?"

"मी काढली असती तर अख्खी पेटी चुलीत घातली असती. एक स्लाइड काढून काय होणार?"

"बरोबर आहे," ओगिंग म्हणाला. मारिविकने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने कॉफीचा कप तोंडाला लावला.

सेवेरिनो ताबोन खालच्या रस्त्याला राहत. सत्त्याहत्तर वर्षांचे, इस्त्रीचा शर्ट, नखं स्वच्छ. घरात स्टुडिओचे जुने पडदे अजून होते. त्यांनी तांदळाचे वाफवलेले गरम पुतो पुढे ठेवले आणि ओगिंगची नाराजी संपली.

"गुरुवारी तुम्ही दिवा कशावर तपासलात, मानोंग?"

"टेबलावर सेहेचाळिसावी पेटी होती. तिच्यातली एक घेतली."

"सत्तेचाळिसावी?"

"ती मी पाहिलेलीच नाही. शनिवारी गेलो ते उजेड बरोबर आहे का विचारायला. पाच मिनिटं. दारात उभा राहिलो आणि आलो."

"आमादोंना शेवटी भेटला होतात?"

"इस्पितळात रोज जायचो," सेवेरिनो म्हणाले. त्यांनी पुतोच्या ताटलीवर झाकण ठेवलं, मग ते काढून पुन्हा ओगिंगपुढे सरकवलं. "चाळीस वर्षं त्यांची फिल्म माझ्याकडे यायची. तिरका फोटो मी त्यांचा कधी पाहिला नाही. कधीच नाही."

परत येताना जीपमध्ये ओगिंग म्हणाला, "बहीण. शंभर टक्के. ताटल्यांचं विचारल्यावर बशी कशी घासत होती बघितलंस, आदिंग? बशीवरची फुलं जातील वाटलं."

"कपात कॉफी दिसत नाही तिला. दोन बोटांएवढ्या चित्रात तिला काय दिसणार? पेटीतल्या बाकी एकवीस स्लाइड जागच्या जागी आहेत, मानोंग. ज्याने काढली त्याला नेमकी तीच काढता आली."

"मग खोटं कशाला बोलते?"

"ते वेगळं खोटं आहे," फेलिसा म्हणाली. "या घरात दोन खोटी आहेत. चोरी लहान आहे."

*

मंगळवारी सकाळी दहाला फेलिसाने सगळ्यांना आमादोंच्या खोलीत बसवलं. तेओडोरा पाटीसमोरच्या त्यांच्या नेहमीच्या स्टुलावर. रोसेंदा दाराजवळ. मारिविक खिडकीत. सेवेरिनो खुर्चीवर ताठ. ओगिंगला जागा उरली नाही, तो कपाटाला टेकला.

"आधी चोरी," फेलिसा म्हणाली. "मानांग, तुम्हाला वाटतं की शनिवारी तुम्ही बावीस स्लाइड उतरवल्या आणि मग एक गेली. पण कॅमेऱ्यात एकवीसच फोटो आहेत. मागाहून एखादा पुसला असता तर क्रमांक तुटला असता. तो तुटलेला नाही, आणि शेवटचा फोटो बाविसाव्या स्लाइडचाच आहे. म्हणजे तुम्ही पेटी उघडलीत तेव्हाच ती स्लाइड नव्हती. वहीतल्या खुणा तुम्ही न बघता केल्यात."

तेओडोरांनी मान हलवली. "असेल."

"मग फार पूर्वीच गेली असेल," मारिविक म्हणाली. "बाबांनीच काढली असेल."

"नाही. वर्षानुवर्षं रिकाम्या असलेल्या खाचांच्या तळाला धूळ आहे. एकविसावीच्या तळाला नाही. अगदी आतापर्यंत तिच्यात स्लाइड होती. शनिवारच्या आधी, पण फार आधी नाही. गुरुवारी या खोलीत एक माणूस एकटा होता."

कुणी सेवेरिनोंकडे पाहिलं नाही. ते स्वतःच्या हातांकडे पाहत होते.

"त्यांनी मला सांगितलं की दिवा सेहेचाळिसाव्या पेटीतल्या स्लाइडवर तपासला. पण त्यांच्या तिसऱ्या फोटोच्या कोपऱ्यात बुरशीची खूण आहे, तीन फाट्यांची. कपाटातल्या एकाही पेटीला बुरशी नाही. ती फक्त खणातल्या पेटीला आहे. आणि तीच खूण, त्याच कोपऱ्यात, विसाव्या स्लाइडवर आहे. मानांग तेओडोरांना जी पेटी शुक्रवारी सापडली, ती मानोंग सेवेरिनोंनी गुरुवारी उघडली होती. ती कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. सांगणारा एकच माणूस होता, आणि तो ऑक्टोबरात गेला."

"माझे डोळे पूर्वीसारखे नाहीत," सेवेरिनो हळूच म्हणाले. "त्याने सांगितलं होतं, ती झोपली आहे त्याच्या पुढची. झोपलेली कोणती ते कळेना. म्हणून कॅमेऱ्याखाली धरून बघितली."

"काय होतं तिच्यात?" मारिविकने विचारलं.

"ते मी न बघता सांगते," फेलिसा म्हणाली. "चुकलं तर मानोंग दुरुस्त करतील."

तिने संगणकावर विसावी स्लाइड आणली. तेओडोरा तिच्याकडे पाहत होत्या, आणि या वेळी त्या खरंच पाहत होत्या.

"मानांग, सँडल."

तेओडोरांनी बोट पडद्याजवळ नेलं. लावलं नाही. "काढलेल्या आहेत."

"तुम्ही काढलेल्या आहेत. ओळीने ठेवल्यात. आता बावीस बघा. तीच चटई, तुमची पावलं. कडेला सँडल नाहीत. मूल स्वतः बकल लावू शकत नव्हतं. तुम्ही झोपलेल्या होतात. मग कुणीतरी त्याला उठवलं, बसून सँडल घातल्या, बकल लावली. आणि ही सावली. डोक्यावर रुंद टोपी आहे. अशी टोपी त्या दिवशी एकाच व्यक्तीकडे होती."

दाराजवळ रोसेंदाने भिंतीचा आधार घेतला.

"कॅमेरा तुमच्या हातात होता, रोसेंदा. आमादो तो गळ्यातून काढत नसत असं तुम्हीच म्हणालात. त्यांनी तो एकदाच काढला, कारण त्यांचे दोन्ही हात गुंतले होते. ते रस्त्यावर नव्हते."

"मला धरता येत नव्हता," रोसेंदा म्हणाली. आवाज इतका सपाट होता की क्षणभर तेओडोराच बोलल्यासारखं वाटलं. "त्यांनी दाखवलं, इथे दाब. एक काढला. मग परत देताना हातातच दाबला गेला. मी ताटल्या घेऊन गेले. मानांग, मी गेले तेव्हा तो त्यांच्या खांद्यावर होता."

सेवेरिनोंनी शर्टाच्या खिशातून पांढरं पाकीट काढलं.

"नष्ट कर म्हणाला होता," ते म्हणाले. "मी हो म्हटलं. पण आयुष्यभर लोकांचे फोटो जपले. हात धजला नाही. तेओडोरा, त्याने मला सगळं सांगितलं. पोराला घोटाभर पाण्यात उभं केलं. कॅमेऱ्यावर पाणी उडालं होतं म्हणून पाठ फिरवून भिंग पुसत बसला. मिनिट-दीड मिनिट. वळला तर पोर नव्हतं. धावत खाली गेला, सापडलं तोवर लोक जमले होते. कुणीतरी विचारलं, कुणाजवळ होता. त्याने तोंड उघडलं, तेवढ्यात तू म्हणालीस, माझ्याजवळ."

"आणि ते गप्प राहिले," मारिविक म्हणाली.

"उद्या सांगतो म्हणाला. उद्या, मग परवा. रोसेंदाच्या पाया पडला. म्हणाला, तिला सांगितलंस तर ती मलाही सोडून जाईल, मग तिच्याजवळ कोणीच राहणार नाही. ही एकोणीस वर्षांची पोर होती."

"म्हणून मी लग्न केलं नाही," रोसेंदा म्हणाली. "निदान इथे राहून भांडी तरी घासते म्हटलं."

तेओडोरांनी हात पुढे केला. सेवेरिनोंनी पाकीट दिलं. त्यांनी फुंकणीने स्लाइडवरची धूळ उडवली, पाटीवर ठेवली, दिवा लावला. बटण दाबलं. पडद्यावर चित्र आलं.

थोडं तिरकं होतं. मागे चटईवर एक बाई झोपलेली. पुढे पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेला तरुण माणूस, खांद्यावर लाल सँडलमधलं पोर, दोन्ही पाय बापाने घट्ट धरलेले. पोर तोंड उघडून हसत होतं. दात मोजता आले असते.

तेओडोरा पाहत राहिल्या. मारिविक त्यांच्या मागे येऊन उभी राहिली, पण तिने हात लावला नाही.

"रोज मी त्याला झोपवते," तेओडोरा म्हणाल्या, "आणि रोज तो माझ्या कुशीतून उठून एकटा चालत जातो. एकेचाळीस वर्षं." त्या थांबल्या. "तो एकटा गेलाच नव्हता. हसत गेला होता."



"आमादोंवर चिडायला हवं मला," त्या म्हणाल्या. "येईल राग. अजून आलेला नाही." मग न वळता, "सेंदा, भाताचं पाणी ठेव. सगळे इथेच जेवतील."

रोसेंदा चाचपडत स्वयंपाकघराकडे गेली. थोड्या वेळाने मारिविकही तिच्या मागे गेली.

*

"रडल्या नाहीत," ओगिंग जीप सुरू करताना म्हणाला. "मला वाटलं होतं रडतील. मीच रडलो. कपाटामागे."

"दिसलं मला," फेलिसा म्हणाली. "सगळ्यांनाच दिसलं."

"मग आपण केलं ते बरं केलं का, आदिंग? बाई नवऱ्याच्या आठवणी काढत बसली होती. आता नवराही गेला."

फेलिसाने खिडकीची काच वर केली. उतारावरून धुकं वर येत होतं आणि ओगिंगने दिवे लावले.

शुक्रवारी दुपारी तीनला कचेरीतला फोन वाजला. मारिविक होती. हळू आवाजात बोलत होती, कुणी शेजारच्या खोलीत असावं तशी.

"मिस दुमलाओ, तुम्हाला उगाच त्रास देते आहे. पण दुसऱ्या कुणाला विचारू ते कळेना. इनांग जेवली आणि मावशीच्या पलंगावर आडवी झाली. दोन तास झाले, झोपली आहे. घोरते आहे."

"मग?"

"तिला दिवसा झोपलेलं मी जन्मात पाहिलेलं नाही," मारिविक म्हणाली. "तापातसुद्धा खुर्चीत बसून राहायची. मावशी उशाशी बसली आहे. आम्हाला कळत नाही, उठवायचं का?"

"नको," फेलिसा म्हणाली. "झोपू दे त्यांना."